तोंड पाहून बैल

बैलबाजाराच्या वाटेवर आमचे बाबा एक गोष्ट नेहमी सांगत, "बैल मंग दाखव, आधी गिऱ्हाईक वळख." धनजहून कारंज्याच्या बाजाराला बैल हाकत न्यायचो, तेव्हा वाटभर हाच पाठ.

गिऱ्हाइकं तीन तऱ्हेची. एक जण बोलत नाही. बैलाचं तोंड उघडून दात मोजतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावलं चालवून पाहतो. त्याच्याजवळ बडबड करायची नाही, दोर त्याच्या हाती द्यायचा. दुसरा सोबत मामा नाहीतर साळा घेऊन येतो. तो बैलाकडं कमी अन् मामाकडं जास्त पाहतो. तिथं पान मामालाच द्यायचं. तिसरा बैलाकडं पाहतच नाही, मालकाच्या तोंडाकडं पाहतो. "गाव कोणतं? वडील कोण?" मग चहा, मग रुमालाखाली बोटं धरून भाव, अन् सौदा पक्का.

यात मला आजही पाप वाटत नाही. मास्तरसुद्धा एका पोराला फळ्यावर समजावतात अन् दुसऱ्याला चिंचोके मोजायला लावतात. माणूस पाहून बोलणं म्हणजे लबाडी नव्हे.

पण एका साली मिरगाच्या आधी पैशाची नड आली. आमचा एक बैल होता, चारदाती, देखणा. दुपारचं ऊन तापलं की मात्र जुवाखाली बसायचा. तुतारी टोचली तरी उठत नसे. त्याला गिऱ्हाईक आलं ते तिसऱ्या तऱ्हेचं. म्हणाला, "घरचाच हाये ना भाऊ?" मी म्हटलं, "घरचाच. मारत नाई, खाण्याले नखरा नाई." सारं खरं होतं. उन्हात बसतो, एवढंच सांगितलं नाही.

घरी येऊन बाबांना म्हटलं, "त्यानं इचारलंच नाई." बाबा म्हणाले, "इचारलं ना. बैलाले नाई इचारलं, तुह्या तोंडाले इचारलं."

तो माणूस भांडायला आला नाही. दोन वर्षांनी बाजारात दिसला. सोबत साळा होता, अन् दोघं मिळून एका बैलाचे दात मोजत होते. माझ्याशी राम राम केला, पण तोंडाकडं पाहिलं नाही.

पुढं २००२ साली बीटी कपाशीला सरकारची परवानगी मिळाली अन् आमच्याकडंही पाकिटं आली. साडेचारशे ग्रॅमचं बीटीचं पाकीट, सोबत एकशेवीस ग्रॅमचं साध्या कपाशीचं. ते शेताच्या चहूकडं लावायचं, म्हणजे साध्या कपाशीवर वाढलेले पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी जुळतात अन् विषाला दाद न देणारी अळी लवकर फैलावत नाही. दुकानदार मला ओळखून होता. शेजाऱ्याचं पाहून घेणारा माणूस मी! त्यानं एवढंच सांगितलं, "तुमच्या शेजाऱ्यानं हेच नेलं." लहान पाकिटाबद्दल तो काही बोलला नाही. मी ते फेकलं. शेजाऱ्यानंही फेकलं होतं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भभर बोंडं पोखरली. त्याला कारणं आणखीही होती, पण फेकलेलं पाकीट त्यातलं एक होतं.

मला दुकानदाराचा राग आला, अन् रागातच तो उन्हात बसणारा बैल आठवला. त्यानंही खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

तेव्हा मला बाबांचं बोलणं पुरतं समजलं. दात मोजणाऱ्याला खोड स्वतःला सापडू शकते. तोंड पाहणाऱ्याला ती मालकानं सांगितली तरच कळते. म्हणजे जो कमी तपासतो, त्याला जास्त सांगावं लागते. आपण करतो उलटंच. तपासणाऱ्यापुढं सांभाळून बोलतो अन् भरवसा ठेवणाऱ्यापुढं गप्प बसतो. गिऱ्हाईक ओळखणं ही कला खरी, पण ओळखल्यावर आपलं देणं वाढते, कमी होत नाही.

परवा शेळी विकली. घेणारी बाई शेळीकडं न पाहता म्हणाली, "चांगली हाये ना भाऊ? तुमी म्हणसान तं घेतो."

मी म्हटलं, "एक थान बारीक हाये बाई, दूध कमी देते."

तिनं दोनशे रुपये कमी दिले. घेतले.