वीस बिटांची ओ

सैल बसा. डोळे उघडे असू द्या.

समोर दोन तारा आहेत, एकमेकींना पीळ घातलेल्या. वर जाळीचं वेष्टण आहे.

अशा तारा ‘तेजस’ विमानात आहेत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातही आहेत. त्यांवर बोलण्याची रीत १९७८ साली ठरली आहे. तिचं नाव मिल-एसटीडी-१५५३बी.

एका तारजोडीवर जास्तीत जास्त ३१ टर्मिनल. प्रत्येकात एक चिप.

इथे कुणी आपणहून बोलत नाही. बस कंट्रोलर हाक मारतो. ज्याला हाक, त्यानेच ओ द्यायची.

श्वास घ्या. सोडा.

आत्ताच टर्मिनल क्रमांक ५ ला हाक गेली आहे. डेटाही पोचला आहे.

तारा शांत आहेत.

उत्तर म्हणजे एक शब्द, स्टेटस वर्ड. तो २० बिटांइतका लांब असतो. एका बिटाला एक मायक्रोसेकंद. आपण एका बिटाला एक श्वास देऊ.

ओ यायला ४ ते १२ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून आधी चार श्वास, नुसते.

एक.

दोन.

या शांततेत चिप कुणाला विचारायला जात नाही. प्रोसेसरने आपली स्थिती आधीच तिच्या रजिस्टरात लिहून ठेवली आहे. तिथे जे आहे, तेच ती सांगणार आहे.

तीन.

चार.

आता तारेवर व्होल्टेज चढतं. दीड श्वासभर वर. दीड श्वासभर खाली. हा सिंक. शब्द सुरू होतोय, एवढंच तो सांगतो.

थांबा. ऐका.

मग पाच बिटांत स्वतःचा पत्ता. शून्य, शून्य, एक, शून्य, एक. म्हणजे ५.

यातलं एक शून्य जवळून पाहा. ते रिकामं नाही. बिटाच्या बरोबर मध्यावर व्होल्टेज खालून वर जातं. ‘एक’ असेल तर वरून खाली येतं. शून्यही हलतं. गप्प तार वेगळी आणि शून्य वेगळं.

या हलण्यावर एक श्वास राहा.

पुढचा बिट, मेसेज एरर. शून्य. आलं ते नीट आलं.

पुढचा इन्स्ट्रुमेंटेशन. शून्य. जाऊ द्या.

मग सर्व्हिस रिक्वेस्ट. मला काही हवंय का? आज शून्य. हवं असतं, तर इथे एक आला असता.

पुढे तीन बिट राखीव. तिन्ही शून्य. तिथे काही भरायचं नाही. तीन श्वास, तसेच मोकळे.

ब्रॉडकास्ट. शून्य.

मग बिझी. इथे थोडं रेंगाळा. हा बिट एक असला, तर टर्मिनलला मागितलेला डेटा देता येत नाही. तरी ओ येते. ‘आहे, पण आत्ता जमत नाही.’ तेवढंच, आणि वेळेत.

श्वास घ्या. सोडा.

सबसिस्टिम, बस कंट्रोल, टर्मिनल फ्लॅग. शून्य, शून्य, शून्य.

शेवटी पॅरिटी. पत्त्यात दोन एक होते. एकूण विषम व्हायला हवेत, म्हणून हा बिट एक.

आता सगळा शब्द एकदम पाहा. तीन एक, चौदा शून्यं. आपला पत्ता, आणि सारं ठीक. खुशाली इतकी थोडकी असते.

आता पुन्हा हाक येऊ द्या. या खेपेला एक डेटा शब्द वाटेत बिघडला आहे.

चिपला ते कळतं. ती आत मेसेज एररचा बिट एक करते. आणि ओ देत नाही.

या गप्प राहण्याजवळ थांबा.

कंट्रोलर किमान १४ मायक्रोसेकंद वाट पाहतो. ओ नाही, म्हणजे काहीतरी चुकलं, हे त्याला उमगतं. मग तो विचारू शकतो: तुझा स्टेटस वर्ड पाठव.

आता ओ येते. मेसेज एरर, एक.

विचारल्याने तो बिट पुसला जात नाही. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच सांगेल. नवं काम घेऊन योग्य हाक आली, की मगच तो कोरा होतो.

श्वास घ्या. सोडा.

आता हळूच स्वतःला हाक मारा. लगेच उत्तर देऊ नका. चार श्वास जाऊ द्या.

मग आत पाहा. बहुतेक जागी शून्य असेल. ते हलतंय का, ते पाहा.

कुठे एक आहे? काही हवंय? आत्ता जमत नाहीये? आलेलं काही वाटेत बिघडलंय?

सापडला तर त्याच्यापाशी बसा. दुरुस्तीला धावू नका. चिपही या घडीला काही दुरुस्त करत नाही. ती आहे तसं सांगते, आणि पुढची हाक ऐकायला तयार राहते.