पाचोळ्याचा जमाखर्च

झाडाचं पान गळून पडतं तेव्हा आवाज होत नाही. निदान कायद्यानं दखल घ्यावी इतका तरी होत नाही. ते पान हलवण्यासाठी मात्र माणसानं असं एक यंत्र काढलं आहे की त्याच्या आवाजावरून अमेरिकेत गेली पन्नास वर्षं नगरपालिका, वकील, माळी आणि शेजारीपाजारी एकमेकांशी भांडताहेत. यंत्राचं नाव लीफ ब्लोअर. आपल्याकडे शेतात औषध फवारायचा पंप पाठीला लावतात, साधारण तसाच अवतार. फक्त नळीतून औषधाऐवजी वारा सुटतो. वारा सुटला की पानं उडतात. उडून कुठं जातात हा प्रश्न यंत्र विकणाऱ्याला पडत नाही आणि घेणाऱ्यालाही पडत नाही. तो पडतो शेजाऱ्याला.

मी बँकेतला कारकून. बावीस वर्षं नावे आणि जमा या दोनच बाजूंनी जगाकडे बघतो आहे. त्यामुळे हे यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यात नवल काहीच वाटलं नाही. आमच्याकडे याला ट्रान्सफर एन्ट्री म्हणतात. रक्कम नाहीशी होत नाही, नुसतं खातं बदलतं. आणि ऑडिटर येईपर्यंत सगळं झकास दिसतं.

पाहिलं ते वॉशिंग्टनला. धाकटा भाऊ तिथं असतो. ‘दादा, एकदा ये’ असं तो बारा वर्षं म्हणत होता आणि माझी साठलेली रजा आता बुडणार असं हेड ऑफिसचं पत्र आलं, अशा दुहेरी योगावर २०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं जाऊन थडकलो. ऐन पानगळीचे दिवस. झाडं अशी पेटलेली की आमच्या हिनं पहिल्या दिवशी चाळीस फोटो काढले. ‘हा कचरा आहे’ हे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळलं.

वॉशिंग्टन शहराच्या कौन्सिलनं २०१८ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलवर चालणारे ब्लोअर बंद झाले. वापरला तर दंड पाचशे डॉलरपर्यंत. चालेल तो विजेचा, म्हणजे बॅटरीचा. आता गंमत अशी की भावाचं घर शहराच्या अगदी टोकाला. जवळच वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, तीच शहराची हद्द. अलीकडे वॉशिंग्टन, पलीकडे मेरिलंड राज्यातली माँटगोमेरी काउंटी. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रकार. त्या काउंटीनंही तेव्हा नुकताच बंदीचा कायदा केला होता, पण वापर बंद व्हायचा होता १ जुलै २०२५ पासून. म्हणजे त्या नोव्हेंबरात रस्त्याच्या एका बाजूला जो गुन्हा, तो दुसऱ्या बाजूला नोकरी! आवाजाला रस्ता ओलांडायला सिग्नल लागत नाही, त्यामुळे सकाळचा चहा आम्ही मेरिलंडच्याच साथीनं घ्यायचो.

तो आवाज कसा असतो, हे आपल्याकडे ज्यांनी लूना चालवली किंवा शेजाऱ्याला चालवू दिली, त्यांना वेगळं सांगायला नको. इंजिन त्याच जातीचं, टू-स्ट्रोक. तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालायचं आणि त्या मिश्रणाचा जवळजवळ तिसरा हिस्सा न जळताच बाहेर फेकायचा, असा त्याचा कारभार. आमच्या बँकेत एखाद्या शाखेनं ठेवीतला तिसरा हिस्सा रोज खिडकीबाहेर टाकला असता तर निदान एक मेमो आला असता. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब असा, की मोठा ब्लोअर तासभर चालला की धुरकट करणारा जेवढा वायू सोडतो तेवढा एक टोयोटा कॅमरी अकराशे मैल पळवली तर सुटेल. अकराशे मैल म्हणजे मुंबई ते दिल्ली, आणि वर आणखी साडेतीनशे किलोमीटर. एवढं करून पानं गेली कुठं, तर फाटकापर्यंत!

बरं, फाटकाशी तरी गोष्ट संपते का? पानांचे ढीग घराबाहेर कडेला लावायचे. मग पालिकेचा ट्रक येतो, त्याला हत्तीच्या सोंडेसारखी नळी, ती ते ढीग ओढून घेते. आधी फुंकायचं, मग ओढायचं. हे मी भावाच्या चष्म्यातून बघायचा प्रयत्न केला, पण त्याचा नंबर वेगळा आहे.

आणि हे यंत्र लोकप्रिय कशामुळे झालं म्हणता? पुण्यकर्मामुळे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला. तोवर अंगणं, वाटा पाण्याच्या पाइपानं धुवायची पद्धत होती, त्यावर निर्बंध आले. पाणी वाचवा म्हणून लोकांनी वारा आणला. वारा आणला तो इतका, की कार्मेल नावाच्या समुद्राकाठच्या टुमदार गावानं १९७५ सालीच त्यावर बंदी घातली आणि त्यानंतर बेव्हरली हिल्सनं. बेव्हरली हिल्स म्हणजे सिनेनट्यांची वस्ती. शांतता पहिल्यांदा कुणाच्या दारात डिलिव्हर होते ते लक्षात घ्या.

इथं मला एक तत्त्वज्ञ आठवतो. आमच्या बी.कॉम.ला हे गृहस्थ नव्हते. भावाच्या पुस्तकांच्या फळीवर जेट लागल्यामुळे रात्री तीन वाजता भेट झाली. जर्मनीचा शोपेनहॉवर. १८५१ साली छापलेल्या पुस्तकात त्याचा गोंगाटावर एक निबंध आहे. त्याचा सगळा राग गाडीवानांच्या चाबकावर. रस्त्यातून कडाड् कडाड् वाजवत जातात आणि विचारवंताच्या डोक्यातला विचार तुटतो, म्हणून अशा गाडीवानाला खाली उतरवून छडीचे फटके द्यावेत, इथवर त्याची मजल गेली. वाचून मीही मान डोलावली. झोप मोडलेला माणूस कुणाच्याही बाजूनं मान डोलावतो. पण मग मनात आलं, की या माणसाचा बाप व्यापारी, यानं स्वतः तरुणपणी व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारी केलेली, आणि पुढं जन्मभर वडिलोपार्जित पैशावर राहिला. त्याला तरी विचारता यायला हवं होतं, की त्या गाडीत माल कुणाचा? गाडीवान काही हौसेनं गल्लीतून हिंडत नव्हता. पण फटके गाडीवानाला. मालाचा धनी निबंधात येतच नाही.

ब्लोअरचंही नेमकं हेच झालं. लॉस एंजेलिस शहरानं नव्वदच्या दशकात कायदा केला, की घरापासून पाचशे फुटांच्या आत पेट्रोलचा ब्लोअर चालवायचा नाही. आता त्या शहरात घरापासून पाचशे फूट दूर असं अंगण कुठं सापडायचं! अंगणं घरमालकांची, हिरवळी घरमालकांच्या, झोपाही त्यांच्याच मोडलेल्या. यंत्र मात्र माळ्याचं, त्यानं स्वतःच्या पैशानं घेतलेलं. हे माळी बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. १९९८ च्या जानेवारीत त्यांनी सिटी हॉलपाशी उपोषण केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : खराट्यानं झाडलं तर दिवसाची निम्मी घरं होतील आणि पैसे निम्म्या घरांचेच मिळतील. कायदा राहिला, अंमलबजावणी जेमतेम झाली, आणि दोन्ही बाजू नाराज राहिल्या.

म्हणून बंदी वाईट, असं मी म्हणत नाही. टेक्सास राज्यानं २०२३ साली उलटाच कायदा केला, की कुठल्या इंधनावर चालतं एवढ्यावरून शहरांनी यंत्रावर बंदी घालायचीच नाही. ते मला पटत नाही. जो आवाज करतो त्याचं स्वातंत्र्य भिंती ओलांडून जातं आणि जो ऐकतो त्याचं आपल्याच घरात मावत नाही, हा हिशेब कुठल्याच वहीत जुळणार नाही. शिवाय त्या आवाजाच्या सगळ्यांत जवळ कोण? शेजारी नव्हे, घरमालकही नव्हे. यंत्र पाठीवर घेतलेल्या माणसाच्या कानाशी तो नव्वद डेसिबलच्या वर जातो आणि धूरही पहिला त्याच्याच नाकात. म्हणजे बंदीचा सगळ्यांत मोठा फायदा त्याचाच. आणि बंदीचं बिलही त्याच्याच नावे! एकाच माणसाच्या खात्यावर दोन्ही एन्ट्र्या, आणि टाकणारे भलतेच.

कॅलिफोर्नियानं २०२१ साली कायदा केला, की २०२४ पासून असली नवी इंजिनं विकायचीच नाहीत. लहान धंदेवाल्यांना बॅटरीची यंत्रं घ्यायला तीन कोटी डॉलर मदत ठेवली. तीन कोटी ऐकून बरं वाटतं. पण असे लहान धंदे पन्नास हजारांच्या घरात आहेत असा अंदाज वर्तमानपत्रांत छापून आला होता. भागाकार माझ्या हातून आपोआपच होतो : माणशी सहाशे डॉलर. दिवसभर काम करायचं तर एक बॅटरी पुरत नाही, चार-पाच लागतात, चार्जर लागतो. सहाशे डॉलरमध्ये त्यातलं काय येतं, हे माळ्याला विचारा.

मी विचारलं. भावाकडे येणारा माळी मूळचा एल साल्वाडोरचा, पन्नाशीचा. भावाचं मोडकं स्पॅनिश आणि माझं शाबूत मौन यांच्या मदतीनं संभाषण झालं. त्याचं मत असं : नवं यंत्र चांगलं, संध्याकाळी घरी गेल्यावर कानात ते गुणगुणणं राहत नाही, बायकोची हाक पहिल्या खेपेला ऐकू येते. हे सांगून तो हसला. ओल्या पानांना जोर कमी पडतो. बॅटऱ्या महाग, त्यांचं कर्ज अजून फिटलेलं नाही. म्हणून त्यानं प्रत्येक फेरीचे वीस डॉलर वाढवले होते.

या वीस डॉलरवरून घरात जे झालं ते मी मोठा भाऊ या नात्यानं मुकाट ऐकलं. कायद्याच्या बाजूनं सही करणारा माझा भाऊच. पण वीस डॉलर हा ‘अन्याय’ आहे असं त्याचं मत पडलं. भावजय म्हणाली, ‘मग पानं राहू देत ना. नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनवाले दरवर्षी सांगतात, पाचोळ्यात किडे-फुलपाखरं हिवाळा काढतात.’

‘शेजारी काय म्हणतील?’

‘आवाज नाही ना करत आपण?’

‘अगं, दिसतं ना ते!’

इथं मला जरा थांबावंसं वाटलं. पानं पडलेली दिसू नयेत म्हणून यंत्र, यंत्र ऐकू येऊ नये म्हणून कायदा, आणि कायद्याचे पैसे खिशातून जाऊ नयेत म्हणून ही वादावादी. ‘नकोच ते’ असं म्हणायची मुभा प्रत्येक पायरीवर होती. पण मी पाहुणा. आणि ज्याच्या घरी उतरलो त्याच्या हिरवळीवर मत देऊ नये, हे मला कळतं.

शेवटी त्यानं वीस डॉलर कबूल केले. रात्री लॅपटॉपवर घरखर्च मांडायला बसला, तसा मी शेजारी जाऊन बसलो; सवय जात नाही.

‘दादा, हे वीस डॉलर कुठल्या हेडखाली टाकू? बागकाम तर आधीच धरलंय.’

‘शांतता म्हणून टाक.’

त्यानं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. वीज होती, पाणी होतं, केबल होती, कुत्र्याचा विमासुद्धा होता. ‘असं हेडच नाहीये,’ तो म्हणाला, आणि त्यानं ते ‘इतर’मध्ये टाकलं.