आतली शिवण

प्रवरेच्या खोऱ्यात देवळाली प्रवरा नावाचं गाव आहे. गाव उसाचं. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, कालव्यांनी पाणी या मुलखात खेळलं. पुढे 1950 च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हापासून इथलं वर्ष उसावर चालतं. उसाचं पेमेंट वेळेवर झालं की कापडाची दुकानं भरतात. पेमेंट लांबलं की उधारीच्या वह्या भरतात.

या गावात एक शिंपी होता, त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याच्या हाताखाली एक पोरगा शिकत होता. पोराचे आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर पाथर्डीकडून आलेले. एका हंगामात बाप गेला. टोळी परत गेली, मायलेकरं इथंच राहिली. आई खुरपायला जायची. बहिणीचं लग्न झालं होतं. पोरगा दुकानात काज-बटण करायचा, तुरपाई करायचा.

दुकानाच्या कोपऱ्यात एक जुनं पायडल मशीन पडून होतं. शिंपी पोराला म्हणाला होता, "चार हजार जमव आणि घेऊन जा. तुझ्या घरी तुझं मशीन." पोराने आठवड्याच्या मजुरीतून दोन हजार सहाशे जमवले होते. ते पोस्टात ठेवले होते.

दिवाळी जवळ आली. पोराच्या शर्टाची कॉलर विरली होती. मास्तरांनी ती एकदा उलटी करून लावून दिली होती, आता दुसरी बाजूही विरली.

पोरगा म्हणाला, "मास्तर, चौकातल्या दुकानात नऊशेला तयार शर्ट आहे. दुकानदार उधार देतो म्हणाला."

"मग मशीन?"

पोरगा गप्प बसला.

मास्तरांनी गल्ल्यातून तीनशे रुपये काढून दिले. म्हणाले, "श्रीरामपूरच्या बाजाराला जा. तिथं बोहारणी जुन्या कपड्यांचे ढीग मांडतात. त्यातला एक शर्ट घेऊन ये."

पोराचं तोंड उतरलं. दुसऱ्याने टाकलेला कपडा अंगात घालायचा? आणि कुणी ओळखला तर? पण मास्तरांना नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती. प्रवरेचा पूल ओलांडून तो पलीकडे गेला.

बाजारात माणूस मावत नव्हता. ढिगासमोर उभं राहिल्यावर त्याला वाटलं, सगळा बाजार आपल्याकडेच बघतोय. त्याने मान खाली घातली. हाताला लागले ते पाच शर्ट उचलले. पन्नासला एक, असे अडीचशे दिले. पिशवीत कोंबले आणि मागे न बघता एसटी धरली.

दुकानात पिशवी उघडली. एकाची कॉलर फाटलेली. दुसऱ्याचं कापड काखेत कुजलेलं, ओढलं की टरकत होतं. तिसऱ्याचा रंग खांद्यावर उडालेला. चौथा आटून पोटावर आलेला. पाचवा तर लहान पोराचा निघाला.

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी कात्री पुढे केली. "उसव."

पोराने पाचही शर्ट उसवले. संध्याकाळपर्यंत बसला. हाती आली मूठभर बटणं, खिशाला लावता येतील असे चार-दोन तुकडे आणि चिंध्या.

"एका चांगल्या शर्टाचे पैसे पाच चिंध्यांत गेले," मास्तर म्हणाले. "पण उसवताना आतली बाजू तरी पाहिलीस. आता इकडे ये."

त्यांनी स्वतःच्या अंगातला शर्ट काढला, उलटा केला आणि मांडीवर पसरला.

"कपडा बाहेरून बघायचा नाही. बाहेरून सगळेच छान दिसतात. आधी उलटा करायचा. शिवण सरळ आहे का बघायची. टाके बारीक आहेत का बघायचे. मग काख बघायची, घाम तिथं कापड खातो. मग उजेडाला धरायचा. कापड विरलं असेल तर पलीकडचा उजेड दिसतो. कॉलरची घडी बोटाने चाचपायची, आधी तीच विरते. आणि शेवटी शिवणीच्या आत बघायचं. बोटभर दाब सोडलेला असेल तर शर्ट सैल करता येतो. ज्या शिंप्याने दाब सोडला त्याला ठाऊक होतं, माणूस वाढतो."

पोरगा पुढच्या बाजाराला पुन्हा गेला. या वेळी स्वतःच्या मजुरीतले शंभर रुपये घेऊन.

बोहारणीने त्याला ओळखलं. म्हणाली, "मागच्या बाजारी तू माणसांकडं बघत होतास बाळा. कापडाकडं बघितलंच नाहीस."

पोरगा ओशाळला. हळूच म्हणाला, "मावशी, कुणी ओळखला तर?"

"मी एका गावचा कपडा त्याच गावात विकत नाही," ती म्हणाली. "माझाही धंदा आहे, लोकांचीही अब्रू आहे. पण तुला लाज कशाची वाटते? तू जन्मलास तेव्हा तुझ्या अंगावर काय होतं? नवं कापड?"

पोराला उत्तर सुचेना.

"आईचं जुनेर होतं. आपल्यात बाळाला आधी नवं घालत नाहीत. नवं कापड कडक असतं, टोचतं. दहा वर्षं धुतलेलं लुगडं लोण्यासारखं मऊ होतं, त्याचं झबलं शिवतात. पाटलाचं बाळ असो की मजुराचं, पहिला कपडा जुनाच. मग आता रे कसली लाज?"

मला हे बोहारणीचं बोलणं फार मोलाचं वाटतं. आणि ते तिनेच बोलावं, हेही खरं. दारोदार डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन तीच फिरते. जुने कपडे घ्यायचे, बदली भांडं द्यायचं, घासाघीस करायची. घरी आणून धुवायचे, बटणं लावायची, इस्त्री फिरवायची, मग बाजारात मांडायचे. आपण टाकलेल्या कपड्याला इतके हात लागतात, तेव्हा तो दुसऱ्याच्या अंगावर चढतो.

पोरगा ढिगाशेजारी खाली बसला. एकेक शर्ट उलटा केला. उजेडाला धरला. काखेत बोट घातलं. तासभर गेला. शेवटी एक निळ्या बारीक चौकड्यांचा शर्ट हाती राहिला. शिवण दोरी लावल्यासारखी सरळ. आत बोटभर दाब. सत्तर रुपयांना सौदा झाला.

घरी आईने तो कढत पाण्यात भिजवला, धुतला, दोन दिवस उन्हात वाळवला. तिसऱ्या दिवशी पोरगा शर्ट घेऊन दुकानात आला. मास्तरांनी तो उलटा केला. काजावरून अंगठा फिरवला. आणि थांबले.

"हा मी शिवलाय," ते म्हणाले.

"कशावरून?"

"काजाच्या टोकाला बघ. दोन टाके आडवे आहेत. माझ्या वडिलांनी मला तसे शिकवले. इकडे दुसरं कुणी घालत नाही." त्यांनी जरा आठवलं. "आपल्या गावातल्या बागायतदाराच्या थोरल्या पोराचा. त्याच्या साखरपुड्याला शिवला होता. दोनदा घातला असेल फार तर."

मास्तरांनी दोन्ही बाजू अर्ध्या बोटाने आत घेतल्या, बाह्या जरा आखूड केल्या. शर्ट पोराच्या अंगाला बरोबर बसला.

धनत्रयोदशीच्या सकाळी बागायतदार दुकानात आला. काखेत कापडाचा गठ्ठा होता. घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवायचे होते. गठ्ठा टेबलावर ठेवताना त्याची नजर पोराच्या शर्टावर गेली.

"काय झकास कापड आहे रे! मास्तर, आमच्या थोरल्याला असंच शिवा. कुठं मिळालं हे?"

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी पोराकडे पाहिलं.

पोराचे कान तापले. खोटं सांगणं सोपं होतं. नगरहून आणलं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण हातात त्याच काजाचा टाका होता.

"भाऊ," तो म्हणाला, "हा तुमच्या दादांचाच आहे. श्रीरामपूरच्या बाजारात मिळाला. सत्तर रुपयांना."

बागायतदार पुढे आला. त्याने पोराची बाही हातात घेतली, कफ उलटा केला. बराच वेळ बघत राहिला. मग बाकावर बसला.

"दसऱ्याला घर आवरलं," तो म्हणाला. "तेव्हा घरच्यांनी बोहारणीला पाच-सहा कपडे देऊन स्टीलचा डबा घेतला. मी डबा बघितला. कपडे बघितले नाहीत." जरा थांबून तो म्हणाला, "कापडाच्या दुकानाची दोन वर्षांची उधारी आहे माझ्यावर. पेमेंट झालं की आधी ती फेडतो आणि पुन्हा नवी करतो."

तो उठला. कापडाचा गठ्ठा उचलला आणि गेला. पोराला वाटलं, आपण मास्तरांचं गिऱ्हाईक घालवलं. दिवसभर त्याने मान वर केली नाही.

संध्याकाळी बागायतदार परत आला. या वेळी त्याच्या हातात मोठं गाठोडं होतं. कपाटात पडून असलेले घरचे कपडे. गठ्ठा त्याने दुकानदाराला परत केला होता. "यातलं काय होण्यासारखं आहे बघा," तो म्हणाला.

तिघांनी मिळून गाठोडं सोडलं. प्रत्येक कपडा उलटा केला, उजेडाला धरला. अकरा कपडे धड निघाले. चार फक्त सैल करायचे होते, आत दाब होताच. दोन शर्टांना नवी कॉलर लागत होती. बाकीच्यांना एखादं बटण, एखादी तुरपाई. कुजलेले बाजूला काढले, ते गोधडीत घालायला घरी परत गेले.

दिवाळीच्या पहाटेपर्यंत दुकानातला दिवा जळत होता. उसवणं, सैल करणं, पुन्हा शिवणं. त्याचीही मजुरी असते. पोराला त्याचा वाटा मिळाला.

काम संपल्यावर पोराने विचारलं, "मास्तर, माझं पहिल्यांदा चुकलं कुठं? मी तर स्वस्तातलंच घेतलं होतं."

मास्तर सुई गुंडाळीत टोचत म्हणाले, "जुनं घालण्यात कमीपणा नाही. तू न बघता घेतलंस, त्यांनी न बघता टाकलं. पैसा तिथं गेला."

संक्रांतीला चार हजार पुरे झाले. पोराने पायडल मशीन हातगाडीवर घालून घरी नेलं. त्याच महिन्यात बहीण बाळंतपणाला आली होती. त्या मशीनवर त्याने पहिला कपडा शिवला तो आईच्या जुन्या लुगड्यातला, भाच्याचं झबलं. शिवण त्याने बाहेरच्या बाजूला ठेवली, म्हणजे बाळाच्या अंगाला टोचायला नको.