शुभ्र रंगाची साक्ष

एखादे कृत्य अजाणता घडले, असे सांगून माणूस दोषातून सुटू पाहतो. नीतिशास्त्रही अज्ञानाला काही सवलत देते. परंतु ज्याने स्वतःपुरती पुरेपूर काळजी घेतली, त्यास अज्ञानाची सबब सांगता येईल काय? अण्वस्त्र चाचण्यांचा इतिहास वाचताना हा प्रश्न आम्हांस वारंवार अस्वस्थ करतो.

अणुस्फोटात प्रथम येतात प्रकाश व दाहक उष्णता. धक्क्याची लाट मागाहून येते. उष्णतेपासून विमानास पळता येत नाही, लाटेपासून दूर जाण्यास मात्र थोडा अवधी मिळतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब टाकताच विमानाने तीव्र वळण घेतले. तरी सुमारे १८ किलोमीटरवर लाटेने त्यास गाठून हादरवले. पुढे १९५६ साली पॅसिफिकमधील चाचण्यांत अमेरिकेने नाना जातींची लष्करी विमाने मुद्दाम ठरावीक अंतरांवर उडवली आणि त्यांचे पत्रे किती तापतात, पंखांवर किती ताण येतो, हे मोजले. गडद रंग उष्णता शोषतो, पांढरा ती परतवतो. म्हणून बॉम्बफेकी विमानांना पांढरा रंग आला. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी सोव्हिएत संघाने नोवाया झेमल्यावर सुमारे ५० मेगाटनांचा बॉम्ब फोडला, तेव्हाचे विमानही शुभ्र होते. त्यास निसटता यावे म्हणून बॉम्बला पॅराशूट बांधले होते. तरीही धक्का पोहोचताच ते सुमारे १ किलोमीटर खाली आले आणि मग सावरले.

वैमानिकांचे प्राण जपणे मुळीच निंद्य नाही. तेही कुणाचे तरी पुत्र. आमचा प्रश्न निराळा आहे. खाली राहणाऱ्यांसाठी हेच गणित कोणी मांडले? १ मार्च १९५४ रोजी बिकिनीवरील अमेरिकेचा स्फोट अपेक्षेच्या दुपटीहून मोठा, १५ मेगाटनांचा ठरला. रोंगेलाप बेटावर पांढरी राख पडली. मुले तीत खेळली. तेथील लोकांना हलवण्यास दोन दिवस लागले. त्याच राखेने जपानी मासेमारी नौकेवरील २३ जण आजारी पडले. त्यांतील एक जण त्याच वर्षी दगावला. अंदाज चुकला, असे कोणी म्हणेल. परंतु विमानाचे अंतर ठरवताना अंदाज चुकण्याची शक्यता धरावीच लागते. तेवढीच सावधगिरी बेटवासीयांच्या वाट्यास का येऊ नये?

पोप तेविसावे जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात इशारा दिला, की नुसत्या चाचण्यांनीही पृथ्वीवरील जीवनास धोका संभवतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ व ब्रिटन यांनी वातावरणातील चाचण्या थांबवण्याच्या करारावर सह्या केल्या.

विमानाचा शुभ्र रंग आमच्या मते एक साक्ष आहे: परिणाम ठाऊक होते. घरच्या भाजीचा वाफा निराळा राखून बाजारासाठी वाटेल तेवढे औषध मारणारा शेतकरीही अजाण नसतो. स्वतःसाठी घेतलेली प्रत्येक काळजी शेजाऱ्याविषयीच्या आपल्या कर्तव्याची जाणीव देते. ती जाणीव झाल्यावर ‘मला माहीत नव्हते’ हे शब्द आपल्या ओठी शोभत नाहीत.