जिभेची आठवण

ताटातल्या आवडीनिवडीचा आणि सदसद्विवेकाचा काही संबंध आहे काय? पुष्कळांना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. एकाला कारले आवडते, दुसऱ्याला आवडत नाही. यात पाप कुठले आणि पुण्य कुठले? त्यातून आपण ख्रिस्ती लोक. याफो येथे पेत्राला दर्शन झाले (प्रे. कृत्ये १०) तेव्हापासून अमुक अन्न शुद्ध आणि तमुक अशुद्ध हा भेद आपल्यापुरता मिटला, असे आपण रविवारच्या शाळेत शिकवतो. मग ताट धुतले की विषय संपला, असे आपण धरून चालतो.

परंतु पवित्र शास्त्र उघडून पाहिले तर त्यात जेवणाचे प्रसंग पानोपानी आढळतात. माणसाच्या जिभेला काय रुचते याची चौकशी तेथे फारशी नाही. तो कोणाबरोबर जेवतो, जेवताना कोणाची आठवण ठेवतो आणि कोणाला विसरतो, ही चौकशी मात्र वारंवार आहे. त्याच दृष्टीने आपल्या रोजच्या आवडीनिवडीकडे थोडे पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे स्पष्ट म्हटले पाहिजे की आवड निर्दोष आहे. देवाने जीभ दिली ती नुसती बोलण्यासाठी नाही. मला ज्वारीची गरम भाकरी, कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा मिळाला की पक्वान्नाची आठवण होत नाही. उलट लाल भोपळ्याची गोडसर भाजी लहानपणापासून आजवर माझ्या घशाखाली सुखाने उतरलेली नाही. यासाठी मला कोणी उपदेश करावा असे नाही आणि भोपळा आवडणाऱ्याला मी करावा असेही नाही.

आमच्या बाजारहत्नूरकडे तर ही गोष्ट रोजच्या रोज कळते. आमचा आदिलाबाद जिल्हा पूर्वी हैदराबाद राज्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखाकडे गेले. आमचा भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. नकाशावर रेघ पडली तरी स्वयंपाकघरात ती कोणाला ओढता आली नाही. येथे मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच बाजाराला येतात. आमची अंबाडी शेजारच्या तेलुगू घरात पुंटीकूरा होते आणि आमची भाकरी तेथे जोन्न रोट्टे होते. नावे निराळी, फोडणी थोडी निराळी, पण पाने एकाच वाफ्यातली. अशा ठिकाणी माझ्याच घरची चव खरी असे म्हणणाऱ्याला जगणे कठीण व्हावे.

तरीही माणूस तसे म्हणतो. आणि धर्माच्या नावाने म्हणू लागला तर ते अधिकच जड होते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्याला परके नाही. १८८३ साली त्या इंग्लंडात वाँटेज येथे गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. त्यांच्यावर मातेप्रमाणे प्रेम करणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीच्या अभिमानाचा अंश दिसला. १९७७ साली महाराष्ट्रात प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या पत्रव्यवहारात या वादाची पत्रे वाचावयास मिळतात. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा की, एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन राहिली आणि तिने आपल्या देशाची खाण्याची रीत सोडली नाही, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? प्रभूला शरण गेलेल्या बाईने ताटही बदललेच पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते.

येथे दोन्ही बाजूंना शिकण्यासारखे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यावर पुढे त्या पतीकडे राहावयास आल्या, तरी काही काळ त्यांनी आपले सोवळे सांभाळले. ते सुटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने हेच सांगितले आहे. सर्व काही खाणाऱ्याने फक्त भाजीपाला खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. आवड किंवा व्रत आपापल्या ताटापुरते असेल तोवर भांडण नाही. शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडले की प्रश्न उभा राहतो.

हे नाक मुरडणे अन्नाला असते की माणसाला? आमच्या भागातली एक गोष्ट पाहा. पूर्वी येथे रोजचे अन्न ज्वारीचे. भात सणावाराला किंवा पाहुणा आला तर. १९८३ साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ देण्यास आरंभ केला. त्या तांदळाने किती घरांतली भूक भागवली ते ज्यांनी भूक पाहिली आहे त्यांना विचारावे. त्या योजनेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पुढे शेतांतूनही ज्वारी मागे सरली आणि कापूस, सोयाबीन पुढे आले. पण याबरोबर आणखी एक गोष्ट हळूच घडली. भात हे सुधारलेल्यांचे अन्न आणि भाकरी ही मागे राहिलेल्यांची, असे मनात बसले. पाहुण्यांपुढे भाकरी वाढायला गृहिणी संकोचू लागली. शाळेतली मुले डब्यातली भाकरी झाकून खाऊ लागली. मग २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष पाळले, डॉक्टर मधुमेहाच्या रोग्याला ज्वारी खा म्हणू लागले आणि शहरातल्या दुकानांत तीच ज्वारी सुंदर पिशव्यांतून मानाने मांडली गेली.

दाणा तोच होता. तो गरिबाच्या टोपलीत होता तेव्हा हलका ठरला आणि श्रीमंताच्या पिशवीत गेला तेव्हा भारी ठरला. यावरून दिसते की आपण जिला चव म्हणतो तिच्यात पुष्कळदा माणसांची प्रतवारी मिसळलेली असते. अंत्युखियात पेत्राने जे केले तेही याच जातीचे होते. अन्यजातींबरोबर तो जेवत होता. यरुशलेमेकडची मंडळी आली तसा तो पंगतीतून मागे सरला आणि पौलाने त्याला तोंडावर विचारले (गलती २). त्या दिवशी वाढलेल्या अन्नात काही फरक पडला नव्हता. पाहणारे बदलले होते.

आता दुसरी बाजू. गरिबाला आवड असते काय? ‘धर्माची गाय अन् दात का गं नाहीत’ असे आपण सहज बोलून जातो. फुकट मिळते आहे, मग मुकाट्याने खावे, ही आपली समजूत. रेशनचा जाड तांदूळ कित्येक घरांत शिजत नव्हता, तो विकला जात होता. आणि तो विकणाऱ्यांना आपण कृतघ्न म्हणत होतो. २०२५ च्या उगादीपासून तेलंगणात रेशनवर बारीक तांदूळ देण्यास सुरुवात झाली. राजकारणाचा भाग राजकारण्यांनी पाहावा. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की ज्याला आपण देतो त्यालाही जीभ आहे, हे येथे मान्य झाले. प्रभू येशूने यरीहोच्या वाटेवर आंधळ्या भिकाऱ्याला जवळ बोलावून आधी विचारले की तुझी इच्छा काय आहे (मार्क १०). त्याला काय हवे ते सर्वांना दिसत होते, तरी विचारले. विचारण्यात मान आहे. नाताळात मंडळीतर्फे गरजूंना शिधा देताना आपण कधी असे विचारतो काय?

आवडीनिवडीइतकाच आठवणींचाही विचार केला पाहिजे, कारण जिभेची आठवण फार लबाड असते. गणना अकराव्या अध्यायात इस्राएल लोक रानात रडतात. मिसरात फुकट मिळालेले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण, सगळे त्यांना आठवते. विटांचा हिशेब आठवत नाही, मुकादमाचा मार आठवत नाही, नदीत टाकलेली बाळे आठवत नाहीत. जिभेने तेवढे वेचून ठेवले आणि बाकीचे गाळले. म्हणूनच, मला वाटते, वल्हांडणाच्या भोजनात कडू भाजी ठेवण्याची आज्ञा झाली असावी (निर्गम १२). जी गोष्ट गोड घास विसरायला लावतो ती कडू घासाने आठवणीत राहावी. प्रथम पिकाची टोपली आणणाऱ्यानेही आधी पूर्वजांच्या दास्याची हकिकत सांगावयाची होती (अनुवाद २६). आमच्याकडचे गोंड बांधवही नवे धान्य देवतेला वाहिल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. पहिल्या घासाआधी थांबावे, हे माणसाला फार पूर्वीपासून कळलेले आहे.

आपल्या घरच्या आठवणी या कसोटीला लावून पाहाव्यात. ‘चुलीवरच्या भाकरीची चव गॅसवरच्या भाकरीला नाही,’ हे वाक्य प्रत्येक प्रीतिभोजनात ऐकू येते आणि ते खोटे नाही. पण चुलीबरोबर धूर होता. त्या धुराने लाल झालेले डोळे, पहाटेचे जाते, रानातून डोक्यावर आणलेली लाकडाची मोळी, हे त्या भाकरीत होते. माझ्या आईच्या हातची अंबाडी मला अजून जिभेवर आठवते. ती सर्वांना वाढून मग टोपल्यात उरले असेल त्याच्याशी जेवत असे. चव आठवताना मी तेही आठवतो, कारण तेवढी अर्धीच आठवण ठेवली तर ती मिसरातल्या काकड्यांसारखी होईल.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक साधा पाठ सुचवतो. मुलांना कागदावर घरातल्या माणसांची नावे लिहायला सांगावी आणि प्रत्येकापुढे त्या व्यक्तीचा आवडता पदार्थ. मी हा पाठ काही वेळा घेतला आहे. बाबांच्या पुढे लगेच मटण किंवा मासळी लिहिले जाते, आजोबांपुढे, धाकट्या भावापुढेही. आईच्या नावापुढे पेन्सिल थांबते. काही मुले ‘सगळेच’ असे लिहितात, काही ती जागा रिकामी सोडतात. तेव्हा मुलांना रागावू नये. घरी जाऊन विचारून यायला सांगावे आणि पुढच्या रविवारी उत्तरे वाचावीत. पाचवी आज्ञा शिकवण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही. आणि मोठ्यांनीही हा कागद एकदा भरून पाहण्यास हरकत नाही.

येथे कोणी विचारील, मग नावडते अन्नही गोड मानून खाल्लेच पाहिजे काय? नाही. वैद्याने वर्ज्य केलेले खाऊ नये, ज्याने पोट बिघडते ते खाऊ नये, आणि मुलाच्या तोंडात बळाने घास कोंबून त्याला कृतज्ञता शिकवता येत नाही. सुवार्तेसाठी पाठवलेल्या शिष्यांना प्रभूने पुढे वाढलेले खाण्यास सांगितले (लूक १०), ते त्यांना घर स्वीकारणाऱ्या यजमानाचा मान राखता यावा म्हणून. नको असलेला पदार्थ नम्रपणे बाजूला ठेवता येतो. ‘हे काय केले आहे?’ असे म्हणून ताट सारता येत नाही. पहिल्या वागण्यात पदार्थ नाकारला जातो. दुसऱ्यात सकाळपासून राबलेली एक व्यक्ती नाकारली जाते.

मंडळीच्या प्रीतिभोजनात याची परीक्षा होते. करिंथ येथे पोटभर जेवलेले आणि उपाशी राहिलेले एकाच भोजनाला बसले होते आणि पौलाला त्यांची कानउघाडणी करावी लागली (१ करिंथ. ११). आपल्याकडे कोणी उपाशी राहत नसेल, पण मंदिरामागे भाताचे हंडे उतरवणाऱ्या भगिनी सर्वांत शेवटी, रस्सा तळाला गेल्यावर जेवतात, हे दृश्य आपल्याला नवीन नाही. पुढच्या प्रीतिभोजनाआधी त्यांना कोणीतरी विचारावे, यंदा काय करायचे, तुम्हाला काय आवडते? आणि त्या दिवशी पहिली पंगत त्यांची बसवावी. वाढण्याचे काम पुरुषांनी करावे. भाकरी थोड्या जाड होतील, मीठही कदाचित चुकेल. तेवढ्याने प्रीतिभोजन बिघडणार नाही.