पाटीवरचं साल

काशीमीरा, मीरा रोड, भाईंदर या पट्ट्यातला बराचसा मध्यमवर्ग गेल्या तीन-चार दशकांत इथे आला. कुणी गिरगाव-दादरच्या चाळींतून, कुणी कोकणातून, कुणी देशावरून. येताना दागिने आले, सराफ मात्र मागेच राहिला. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर पेढी कधीची हे विचारायची वेळ येत नाही. आजीच्या पाटल्या तिथेच घडलेल्या असतात. इथे शेजाऱ्याचं आडनावही लिफ्टजवळच्या पाटीवर वाचावं लागतं. मग सराफानेही पाटीवर साल रंगवलं तर नवल नाही.

पण ते साल नेमकं कशाची खात्री देतं? गाडगीळांचंच बघा: गणेश नारायण गाडगीळ यांनी १८३२ मध्ये सांगलीत सराफीचा व्यवसाय सुरू केला, दाजीकाका गाडगीळ १९५८ मध्ये तो पुण्यात घेऊन आले. आज गाडगीळ नावाच्या एकाहून अधिक कंपन्या आहेत, मूळपुरुष तोच. त्यांतल्या एकीचे शेअर सप्टेंबर २०२४ पासून बाजारात विकत मिळतात. भाऊबंदकीत नाव वाटून घेण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो नावामागच्या हमीचा.

ही हमी मोडीच्या वेळी कळायची. दागिन्याचे तुकडे जोडायला डाक लावतात आणि त्यात सोन्याचा कस कमी असतो. दागिना वितळवला की तूट येते. गोठात भरलेली लाख वजा होते, ती वेगळीच. सराफ कसोटीवर दागिना घासणार, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकणार, रंग बघणार आणि आकडा सांगणार. गिऱ्हाइकाला त्यातलं ओ की ठो कळत नसे. म्हणून ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडेच मोडायचं, हा शिरस्ता. त्याला आपण विश्वास म्हणतो खरा, पण त्यात नाइलाजही बराच होता. दुसरा सराफ जास्त तूट धरायचा.

या नाइलाजावर पहिला घाव घातला तो चक्क घड्याळवाल्यांनी. १९८४ मध्ये घड्याळांसाठी सुरू झालेली टायटन नव्वदच्या दशकात तनिष्क घेऊन दागिन्यांत उतरली आणि दुकानात कॅरटमीटर ठेवला. घरातल्या जुन्या बांगडीचा कस तिथे डोळ्यांसमोर आकड्यात दिसू लागला. पिढ्यान्‌पिढ्यांची पुण्याई एका यंत्राने बाजूला सारली आणि ते बरंच झालं.

पुढचं काम सरकारने केलं. जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. आधी दागिन्यावर चार खुणा असत आणि त्यांत एक सराफाची स्वतःची असे. नव्या पद्धतीत तीनच उरल्या: मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता आणि एचयूआयडी हा दागिन्याचा सहा अक्षरी-अंकी ओळख-क्रमांक. जे नाव वारसा म्हणून मिरवायचं, ते हॉलमार्कमधून पुसलं गेलं. डबीवर आणि होर्डिंगवर राहिलं.

शुद्धतेची हमी आता यंत्र आणि कायदा देणार असेल, तर पेढीकडे स्वतःची अशी घडणच उरते. आणि घडण मालकाच्या घराण्याची क्वचितच असते. मुंबईच्या झवेरी बाजारात ती मोठ्या प्रमाणावर बंगाली कारागिरांची आहे. केडीएमची गोष्ट इथे आठवावी. तूट टाळायला डाकात कॅडमियम घालू लागले. ते भट्टीत उडून जातं, दागिन्याचा कस टिकतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. तो धूर मात्र कारागिराच्या फुप्फुसात जातो. आपल्या आयांनी केडीएम कौतुकाने मागून घेतलं. फलकांवर तो शब्द अभिमानाने लिहिलेला असे.

म्हणून घराण्याच्या वारशाचा हिशेब मालकांच्या वंशावळीवरून मांडणं मला अपुरं वाटतं. ठुशी, वज्रटीक, तोडे यांचे नमुने ज्या हातांनी टिकवले, त्यांची वंशावळ कुठल्याच पाटीवर नाही. एचयूआयडी मोबाइलवर टाकला की सराफाची नोंदणी आणि तपासणी केंद्र दिसतं. त्याच पडद्यावर घडवणाऱ्याचं नाव यायला तांत्रिक अडचण फारशी नाही. अडचण आहे ती धंद्याची: नाव कळलं तर गिऱ्हाईक घडणावळ ठरवायला थेट त्याच्याकडेच जाईल.