सर्व कुशल आहे, असे कळवावे काय?

पत्रारंभी "इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल कळवावे" असे लिहिण्याची आपल्या लोकांत जुनी रीत आहे. आता पत्राची जागा दूरध्वनीने घेतली, तरी पहिला शब्द तोच. परंतु घरात कुशल नसता तसे म्हणावे काय?

अवसरी खुर्द येथील एखादी माता मोठ्या दुखण्यातून उठून हवापालटासाठी अलिबागेस नातलगांकडे राहिली आहे, असे समजा. (खाऱ्या वाऱ्याने क्षयही हटतो अशी पूर्वी वैद्यांची समजूत असे, १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि तो भरवसा औषधाकडे गेला. विसाव्याचा गुण मात्र कोण नाकारील?) घरची वार्ता एका लेकराकडून दुसऱ्याकडे तिच्याच मुखाने जाते. इकडे लेकीचे तान्हे मूल दगावले. तिला कोणी सांगितले नाही. ती मुंबईच्या मुलास हौसेने सांगते, "बाळ आता रांगू लागले असेल." तो हुंकार देतो. प्रिय वाचकहो, हा हुंकार दया आहे की असत्य?

शुनेमकरणीचा पुत्र दोन प्रहरी तिच्या मांडीवर मेला, तरी पतीस आणि पुढे गेहजीस तिने कुशल असल्याचेच उत्तर दिले. कित्येक उपदेशक याचा आधार घेतात. पण पुढचे वाचावे. अलीशाचे पाय धरताच तिने आपले दुःख ओतले. जेथे सांगणे उपयोगाचे तेथे ती गप्प राहिली नाही. आणि पौलाने तर एपफ्रदीत मरणोन्मुख झाल्याचे फिलिप्पैकरांपासून लपविले नाही. बऱ्या झालेल्या त्या माणसासच त्यांच्याकडे पाठविले.

ताप चढलेला असता, वैद्याने मना केले असता, चार दिवस थांबणे आम्हांस गैर वाटत नाही. थांबणे निराळे, खोटे रचणे निराळे. शिवाय पुष्कळदा आपण रोग्याच्या जिवास नव्हे, तर तिच्या रडण्यास भितो. पुढे तिला कळेल की सर्वांस ठाऊक होते, मीच तेवढी वेडी. मग खरोखरीच्या कुशलावरही तिचा विश्वास बसणार नाही. प्रत्येक चांगल्या बातमीमागे ती मरण शोधील.

केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ साली वारली. रमाबाई स्वतः थकलेल्या होत्या, तरी मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांनी तडीस नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. आयांस आपण समजतो तितक्या त्या दुबळ्या नसतात.

मातेनेही हे ध्यानी धरावे. रोज सायंकाळी अंग तापत असता "मी बरी आहे" असे घरी सांगणे ही माया नव्हे. त्याने औषधास उशीर होतो.

दूरध्वनीवरून मात्र अशी वार्ता देऊ नये. मंचरहून गाडी धरून घरच्या कोणी तरी, शक्य तर लेकीनेच, जावे. तिच्याजवळ बसून सांगावे, आणि त्या रात्री तेथेच राहावे.